मूरसाहेबांचा चार पानी लेख

इंजिनिअरिंगला मूरचा नियम सगळ्यांनी घोकलेला असतो. मीपण घोकला. पण तो मुळात एका संपादकाने मागून घेतलेला लेख आहे, हे कळायला मला नोकरीची दहा वर्षं जावी लागली!

तर झालं असं. अमेरिकेत मॅकग्रॉ-हिलचं 'इलेक्ट्रॉनिक्स' नावाचं व्यावसायिक नियतकालिक होतं, १९३० साली सुरू झालेलं. वाचक म्हणजे या धंद्यातले इंजिनिअर आणि मॅनेजर. १९६५ मध्ये त्याला ३५ वर्षं होत होती. जानेवारीत संपादक लुइस यंग यांनी फेअरचाइल्डचा संशोधन विभाग सांभाळणाऱ्या गॉर्डन मूर यांना पत्र टाकलं: पुढच्या दहा वर्षांत काय होईल ते लिहा. (आपल्याकडे दिवाळी अंकवाले मागतात तसंच की...)

मूर केमिस्ट्रीचे डॉक्टर. त्यांनी हाताशी होते ते मोजके आकडे आलेखावर मांडले आणि रेषा सरळ पुढे ओढली. चिपवरचे घटक दरवर्षी दुप्पट होत होते. तेव्हा होते पन्नास-साठ, म्हणजे १९७५ ला ६५,०००! पण खरा मुद्दा पैशाचा होता. फार कमी घटक बसवले तर एकेक महाग पडतो, फार कोंबले तर चिपा वाया जातात. मधे कुठेतरी सगळ्यात स्वस्त आकडा असतो, आणि तोच दरवर्षी वर सरकत होता. त्या काळी या चिपा महाग, गिऱ्हाईक मुख्यतः लष्कर. बाकीच्या इंजिनिअरांना 'हे स्वस्त होणार' असं पटवायचं होतं.

मूर यांचं शीर्षक साधं होतं, इंटिग्रेटेड इलेक्ट्रॉनिक्सचं भवितव्य. छापताना त्यात 'कोंबणे' आलं. १९ एप्रिलच्या अंकात चार पानं, शिवाय एक व्यंगचित्र: दुकानात सौंदर्यप्रसाधनांशेजारी घरगुती कॉम्प्युटर विकायला ठेवलाय.

'नियम' हे बारसं नंतर कार्व्हर मीड यांनी केलं. १९७५ मध्ये मूर यांनी स्वतःच दुपटीचा काळ दोन वर्षांवर नेला.

असो. २००५ मध्ये इंटेलने त्या अंकाच्या चांगल्या प्रतीला १०,००० डॉलर जाहीर केले. ज्यांनी ही कंपनी काढली त्यांच्याच लेखाचा अंक बाहेर शोधावा लागला! तेवढ्यात इलिनॉय विद्यापीठाच्या ग्रंथालयातली एक प्रत गायब. शेवटी अंक मिळाला तो इंग्लंडमधल्या एका इंजिनिअरकडे, घराच्या लाकडी जमिनीखाली वर्षानुवर्षं पडलेला. आमच्या घरी असता तर रद्दीवाल्याने कधीच किलोवर नेला असता.