गिरणगांवची वाटणी

गिरणगांव हें नांव कोणा सरकारनें ठेविलेलें नव्हे. तें लोकांच्या तोंडीं रूढ झालें. कावसजी दावर यांनीं 1854 मध्यें ताडदेवास पहिल्या गिरणीचा पाया घातला, 1856 मध्यें ती चालू झाली, आणि पुढें परळ, लालबाग, वरळी येथवर धुराड्यांचें रान माजलें. त्याच्या पायथ्याशीं रत्नागिरीचा आणि साताऱ्याचा शेतकरी येऊन राहिला. एकाच खोलींत पाळीपाळीनें निजणारे गांवकरी, त्यांना दोन वेळां जेवूं घालणारी खानावळवाली, भोंग्याच्या हाकेवर उठणारी चाळ: या वस्तींत गांवपण होतें तें यामुळें. अण्णा भाऊ साठे व अमरशेख येथेंच गाजले. गिरणी-कामगारानें वाढविलेले नारायण सुर्वे येथलेच. दारिद्र्य आणि दाटी येथें पुष्कळ होती, तिचें गोडवे गाण्याचें कारण नाहीं.

या वस्तीच्या ऱ्हासाचें खापर बहुधा 18 जानेवारी 1982 रोजीं सुरू झालेल्या संपावर फोडलें जातें. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगार बाहेर पडले, आणि त्यांतील पुष्कळांना पुन्हां कामावर जाणें घडलें नाहीं, हें खरें. परंतु संपानें रोजगार गेला. वस्ती गेली ती जमिनीच्या हिशेबानें. 1991 च्या नियमांत मोठ्या गिरणीच्या जागेचे स्थूलमानानें तीन हिस्से होते: एक महापालिकेला उद्यानें व मैदानें यांसाठीं, एक म्हाडाला घरांसाठीं, आणि एक मालकाला. गिरण्यांची एकंदर जमीन सुमारें 600 एकर. शहराच्या मध्यभागीं एवढी जागा पुन्हां मोकळी होण्याचा योग कोठला!

2001 मध्यें या नियमांत बदल झाला. वाटणी सर्व जमिनीची न होतां केवळ मोकळ्या जमिनीची करावयाची, असें ठरलें. आतां गिरणीच्या आवारांत मोकळें असतें तें काय? साचेखातें, कातणखातें, गुदामें यांनींच बहुतेक जागा व्यापलेली. उरतें तें थोडें अंगण. ‘मोकळी’ या विशेषणाची एवढी किंमत आमच्या व्याकरणकारांनींहि कधीं केली नसेल. उच्च न्यायालयाचा 2005 चा निकाल सार्वजनिक हिश्शांस अनुकूल होता. 2006 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला.

त्यानंतर मनोरे झपाट्यानें उठले. फिनिक्स गिरणीच्या आवारांत तर आधींच बाजार भरूं लागला होता. हजारों कारकून आणि अधिकारी रोज तेथें येऊं लागले, पण रस्ते व पूल राहिले पूर्वीच्याच मापाचे. 29 सप्टेंबर 2017 रोजीं एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरींत 23 माणसें दगावलीं.

कामगारांच्या घरांसाठीं म्हाडाची सोडत निघूं लागली ती 2012 पासून, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनीं. नांव लागलें तेव्हां किल्ली घ्यावयास कित्येक ठिकाणीं कामगाराचा मुलगाच गेला, किंवा त्याची विधवा.