मोटारहोमची हाऊस बॅटरी : बाहेरच्या विजेशिवाय रात्रीचा मुक्काम

मोटारहोममध्ये साधारणपणे दोन बॅटऱ्या असतात. स्टार्टर बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठी काही सेकंद मोठा प्रवाह देते. दिवे, फ्रिज, पंखा आणि पाण्याचा पंप हाऊस बॅटरीवर चालतात. ही बॅटरी तासन्‌तास थोडा थोडा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते. दोन्हींचे सर्किट वेगळे ठेवावे लागते, नाहीतर रात्रभर पंखा चालतो आणि सकाळी गाडी सुरू होत नाही.

युरोप-अमेरिकेतील अनेक कॅम्पसाइटवर गाडीला बाहेरून वीज जोडता येते. ही सोय नसेल तिथे रात्र हाऊस बॅटरीवरच काढावी लागते.

प्रत्यक्षात किती वीज मिळते?

बॅटरीची क्षमता अँपिअर-तासांत (एएच) मोजतात. १०० एएचची लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली, तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून तिच्यातून ५० एएचच मिळतील असे धरावे. तेवढ्याच क्षमतेच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून ८० ते ९० एएच वापरता येतात.

एका रात्रीचा हिशेब

उपकरणाच्या वॅटला १२ व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. त्यांना तासांनी गुणावे. संध्याकाळी ७ ते सकाळी ७ या वेळेचे उदाहरण :

- फ्रिज (४५ वॅट, एकूण ४ तास चालू) : १५ एएच
- पंखा (२४ वॅट, ८ तास) : १६ एएच
- एलईडी दिवे (१२ वॅट, ४ तास) : ४ एएच
- पाण्याचा पंप (६० वॅट, १२ मिनिटे) : १ एएच
- दोन मोबाइलचे चार्जिंग : सुमारे ३ एएच

एकूण ३९ एएच, म्हणजे एक रात्र निभावते. उकाड्यात फ्रिज जास्त वेळ चालतो, त्यामुळे थोडी वीज राखून ठेवावी. १,५०० वॅटची इंडक्शन शेगडी मात्र अर्ध्या तासात इन्व्हर्टरमधील गळतीसह सुमारे ७० एएच खाते. एवढ्या बॅटरीवर ती चालवू नये.

दुसऱ्या रात्रीचे काय?

खरी अडचण इथे येते. १०० वॅटचे सौर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसभरात सुमारे ३० एएच देते. त्यातले १५ एएच दिवसा फ्रिजच घेतो. उरलेले १५ बॅटरीत गेले तरी २४ एएचची तूट राहते. दुसऱ्या रात्री आणखी ३९ एएच वापरले की तूट ६३ वर जाते आणि लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरते. म्हणून एकाच जागी दोन-तीन दिवस थांबायचे असेल, तर २०० वॅटचे पॅनेल लावावे किंवा मध्ये गाडी चालवावी. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर दोन तासांच्या प्रवासात जास्तीत जास्त ६० एएच भरू शकतो. लेड-ॲसिड बॅटरीचा शेवटचा भाग मात्र सावकाशच भरतो.

हे लक्षात ठेवा

- चार्जिंग आणि वापर काही तास बंद ठेवून लेड-ॲसिड बॅटरी मोजावी. सुमारे १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.१ ते १२.२ म्हणजे निम्मी.
- लिथियम बॅटरीचा व्होल्टेज बराच वेळ जवळपास स्थिर राहतो. तिच्यासाठी येणारा-जाणारा प्रवाह मोजणारा शंट मॉनिटर लागतो.
- लिथियम बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करू नये.
- बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळ फ्यूज असावा.
- चार्जिंगसाठी बंदिस्त जागेत इंजिन किंवा जनरेटर चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो.