तोमिस्लाव पिंटर : छायालेखन आणि राष्ट्रीय चित्रपटेतिहासाची चौकट

युगोस्लाव्ह चित्रपटांचा इतिहास बहुधा दिग्दर्शकांच्या नावाने लिहिला गेला. १९९१ मध्ये क्रोएशियाने स्वातंत्र्य घोषित केल्यानंतर या इतिहासाची प्रजासत्ताकनिहाय वाटणीही होऊ लागली. झाग्रेब येथे १९२६ मध्ये जन्मलेले छायालेखक तोमिस्लाव पिंटर या दोन्ही चौकटींत पुरते सामावत नाहीत.

झाग्रेबच्या झ्वोनिमिर बेर्कोविच यांच्या 'रोंदो'चे (१९६६) कथानक रविवारच्या बुद्धिबळाभोवती, बव्हंशी एका घरातच फिरते. त्याच वर्षीच्या, वात्रोस्लाव मिमित्सा दिग्दर्शित 'सोमवार किंवा मंगळवार' या चित्रपटात कृष्णधवल व रंगीत प्रतिमांची सरमिसळ आढळते. दोहोंचे छायालेखन पिंटर यांचे. मात्र बेलग्रेडच्या अलेक्सांदर पेत्रोविच यांच्या 'तीन' (१९६५) या युद्धपटाचे छायालेखकही तेच होते, ही बाब प्रजासत्ताकनिहाय मांडणीत निसटते.

पेत्रोविच यांचाच 'पिसे गोळा करणारे' (१९६७) हा चित्रपट व्होइव्होदिनातील रोमा समाजातील पिसांच्या व्यापाऱ्यांविषयी आहे. चिखलाने माखलेला सपाट प्रदेश आणि हंसांची शुभ्र पिसे हा विरोध संवादांपेक्षा प्रतिमांतूनच अधिक ठसतो. कान महोत्सवात त्याला परीक्षक मंडळाचे विशेष पारितोषिक विभागून मिळाले. श्रेय अर्थातच पेत्रोविच यांच्याकडे गेले. पिंटर यांचा स्वतंत्र गौरव पुला महोत्सवाने 'सुवर्ण अरेना' पुरस्कार अनेकदा देऊन केला.

पिंटर यांचे २००८ मध्ये निधन झाले. क्रोएशियाच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे, ते यथार्थच होय. परंतु पेत्रोविच यांचे चित्रपट सर्बियाच्या सूचीत गेल्यावर, झाग्रेबच्या त्या बंदिस्त घरातील प्रकाशयोजना आणि व्होइव्होदिनाचा उघडा चिखल एकाच नजरेने टिपले होते, हे कोणत्याच सूचीतून उमगत नाही.