कर्णचरित्र आणि उत्तरकालीन ग्रंथकारांचा न्याय

(१)

महाभारतांतील ज्या पुरुषांविषयींचा वाद अद्याप मिटलेला नाहीं, त्यांत कर्णाचें नांव प्रथम घ्यावें लागतें. एक पक्ष त्यास दानशूर, मित्रनिष्ठ व जन्मभर अन्याय सोसलेला वीर मानतो. दुसरा पक्ष त्यास दुर्योधनाच्या दुष्कृत्यांतील मुख्य साथीदार ठरवितो. भासाच्या ‘कर्णभारा’पासून वि. वा. शिरवाडकरांचें ‘कौंतेय’ (१९५३), शिवाजी सावंतांचें ‘मृत्युंजय’ (१९६७) व रणजित देसाईंचें ‘राधेय’ (१९७३) येथपर्यंत कर्णास सहानुभूति देणाऱ्या ग्रंथांची परंपरा अखंड दिसते. उलटपक्षीं इरावती कर्वे ह्यांनीं ‘युगान्त’ (१९६७) ह्या ग्रंथांत कर्णाच्या उणिवांवर निर्भीडपणें बोट ठेवलें आहे.

कर्ण चांगला कीं वाईट, ह्याचा निवाडा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. दुसऱ्याच्या ग्रंथांतून घेतलेलें पात्र आपल्या कृतींत पुन्हां उभें करतांना ग्रंथकारास किती मोकळीक असावी, व त्या चित्रास न्याय्य केव्हां म्हणावें, इतकाच प्रश्न येथें विचारार्थ घेतला आहे. कर्णाच्या बाबतींत ह्या प्रश्नाचा पोथ्यांच्या साक्षीशीं निकट संबंध आहे. म्हणून तो ह्या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें ठेवणें उचित वाटतें.

(२)

प्रथम पूर्वपक्ष पाहूं. मूळ कथा बदलण्याची मुभा आपल्या साहित्यशास्त्रानेंच दिली आहे. नवव्या शतकांतील आनंदवर्धनानें ‘ध्वन्यालोकां’त असें प्रतिपादिलें आहे कीं, इतिहासांतून आलेला प्रसंग रसास प्रतिकूल असेल तर कवीनें तो सोडावा व रसास अनुकूल अशी कथा कल्पावी. दहाव्या शतकांतील धनंजयानें ‘दशरूपकां’त हाच नियम नाटकास लावला. नायकास अनुचित किंवा रसास विरुद्ध असेल तें टाकावें अथवा निराळ्या रीतीनें योजावें, असें त्याचें मत. टीकाकार धनिकानें उदाहरण वालिवधाचें दिलें आहे. मायुराजानें ‘उदात्तराघवां’त वालीचा कपटानें झालेला वध गाळला; भवभूतीनें ‘महावीरचरितां’त वाली रावणाच्या मैत्रीमुळें रामास मारण्यास येतो व मारला जातो, अशी योजना केली.

तेव्हां रामाचा दोष झांकण्यास शास्त्राची संमति असेल, तर कर्णाचा झांकल्यास काय बिघडलें, असें कोणी विचारील. शंका रास्त आहे. तिचें उत्तर देण्यापूर्वीं तीन स्थळें तपासूं.

(३)

पहिलें स्थळ द्रौपदीस्वयंवराचें. कर्णानें धनुष्य सज्ज केलें व तो लक्ष्यवेध करणार, इतक्यांत आपण सूतास वरणार नाहीं असें द्रौपदीनें सर्वांदेखत सांगितलें, ही कथा महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं आहे. कोपरगांवच्या घराण्यांतील नीलकंठ चतुर्धर ह्यांनीं सतराव्या शतकांत काशीस राहून ‘भारतभावदीप’ ही टीका लिहिली. त्या टीकेबरोबर प्रचलित झालेल्या पाठांत हा प्रसंग आहे, व पुण्याच्या चित्रशाळेनें १९२९ पासून छापलेल्या आवृत्तीमुळें तो घरोघर पोंचला.

परंतु भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेल्या व १९६६ सालीं पूर्ण केलेल्या संशोधित आवृत्तींत तो मुख्य पाठांत नाहीं. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर ह्यांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण झालें. त्यांत हीं वचनें तळटीपेंत गेलीं आहेत. इतकेंच नव्हे, तर अर्जुन धनुष्याकडे जाण्यास निघाला असतां कांहीं ब्राह्मण म्हणतात कीं, कर्ण-शल्यादि बलवानांस जें धनुष्य वांकविलें नाहीं तें ह्या बटूस कसें वांकवेल. म्हणजे सिद्ध झालेल्या पाठाप्रमाणें कर्णाचा अपमान झाला नाहीं. इतर राजांप्रमाणें त्याचाही प्रयत्न फसला.

(४)

दुसरें स्थळ कवचकुंडलांचें. आरण्यकपर्वांत सूर्य कर्णास इंद्राच्या कपटाची आगाऊ सूचना देतो. आपणांस प्राणांपेक्षां कीर्ति अधिक प्रिय आहे, असें कर्ण उत्तर देतो. तेव्हां, द्यायचेंच असेल तर मोबदल्यांत अमोघ शक्ति मागून घे, असा सूर्य उपदेश करतो. कर्ण तसेंच करतो. इंद्रास ओळखून, विनिमयानें शक्ति घेऊनच, तो कवचकुंडलें कापून देतो.

भासानें येथें दोन फेरफार केले. त्यानें हा प्रसंग वनवासकाळांतून उचलून रणभूमीच्या वाटेवर आणला. आणि त्याचा कर्ण कांहीं न मागतां दान देतो. पुढें इंद्राचा दूत शक्ति घेऊन येतो तेव्हांही दिल्या दानाचा मोबदला घेण्यास तो प्रथम नकार देतो, व केवळ ब्राह्मणाचें वचन मोडूं नये म्हणून ती स्वीकारतो. मूळचा कर्ण व्यवहार जाणणारा कीर्तिलुब्ध क्षत्रिय आहे; भासाचा कर्ण शुद्ध दाता आहे. दोन्ही चित्रें आपापल्या जागीं सुंदर आहेत, परंतु तीं एकच नव्हेत. लोकांच्या मनांत ठसलें आहे तें दुसरें.

(५)

तिसरें स्थळ द्यूतसभेचें, व खरा वाद येथेंच आहे. विकर्णानें द्रौपदीची बाजू घेतली असतां त्यास खोडून काढणारा, तिला कुलटा ठरविणारा व पांडवांचीं आणि तिचीं वस्त्रें हिरावून घेण्यास दुःशासनास सांगणारा कर्णच होय. हा भाग सभापर्वाच्या सिद्ध पाठांत कायम आहे. कर्णपक्षाचें ह्यावरील नेहमींचें समर्थन असें कीं, स्वयंवरांतील अपमानाचा हा सूड होता. पण तो अपमान मुख्य पाठांत नाहीं हें वर पाहिलेंच. आधारच गळाल्यावर त्यावर उभारलेलें समर्थन कसें टिकावें?

मूळ ग्रंथ ह्या वर्तनाचें कारण देत नाहीं असें मात्र नव्हे. तें कारण तो कर्णाच्याच मुखानें देतो. उद्योगपर्वांत कृष्ण कर्णास जन्मरहस्य सांगून राज्य देऊं करतो. त्या संवादांत कर्ण कबूल करतो कीं, दुर्योधनास बरें वाटावें म्हणून आपण पांडवांस कटु बोललों, व त्या कर्माचा आपणांस आज ताप होत आहे. सूडाची भाषा येथें कोठेंही नाहीं; मित्राच्या मर्जीसाठीं केलेलें पाप, आणि त्याचा पश्चात्ताप, इतकेंच आहे. पश्चात्तापाच्या त्या वाक्यांत द्रौपदीचें नांव नाहीं, हेंही लपवूं नये. ज्यास पांडवांविषयीं खेद वाटला त्यानें तिचा उल्लेख कां केला नाहीं, हा प्रश्न कवीच्या प्रतिभेस पुरेसा आहे.

ह्यावरून असें दिसतें कीं, सूडाची कथा रचणाऱ्यांनीं कर्णावर उपकार करण्याच्या भरांत त्याचा कबुलीजबाब काढून घेतला व त्याच्या हातीं एक तक्रार दिली. अपराध ओळखूनही मित्रास न सोडणारा पुरुष आणि डिवचला गेल्यामुळें अपराध करणारा पुरुष, ह्यांत थोर कोण हें वाचकांनींच ठरवावें.

(६)

आतां पूर्वपक्षाचें उत्तर. आनंदवर्धन व धनंजय ह्यांनीं दिलेली मुभा रसासाठीं आहे. रामाचा कपटवध वीररसास बाधक, म्हणून तो टाकावा. परंतु कर्णकथेचा रस करुण आहे, आणि त्या करुणाचें मूळच कर्णाच्या दोषांत व त्या दोषाच्या जाणिवेंत आहे. दोष पुसला कीं करुण उरत नाहीं. उरतें तें केवळ दैवास दूषण. म्हणजे शास्त्राच्याच कसोटीनें हा लोप अनुचित ठरतो.

मात्र ह्याचा अर्थ ग्रंथकारानें भाषांतरकार व्हावें असा नव्हे. मूळ ग्रंथ जेथें मौन आहे तेथें भर घालण्याचा त्यास पूर्ण अधिकार आहे. कर्ण उद्योगपर्वांत आपल्या सूतकुलांतील स्त्रियांचा व पुत्रपौत्रांचा केवळ उल्लेख करतो. ‘मृत्युंजया’नें वृषालीस बोलतें केलें, ही न्याय्य पूर्ति होय. त्याच संवादांत द्रौपदी सहाव्या वेळीं तुझ्याकडे येईल असें कृष्ण म्हणतो. द्रौपदीच्या मनांत कर्ण होता असें सांगणारें आपलें ‘जांभूळ आख्यान’ त्याच बीजाचा लोकप्रतिभेनें केलेला विस्तार असावा असें आम्हांस वाटतें. प्रतिपक्षींही न्याय करतां येतो ह्याचें उदाहरण कन्नड कवि पंपाचें. ९४१ च्या ‘विक्रमार्जुनविजयां’त त्यानें आपला आश्रयदाता अरिकेसरी ह्यास अर्जुनाच्या जागीं बसविलें, तरी कर्णाचा गौरव करण्यांत हात आंखडला नाहीं.

सारांश, अनुक्ताची पूर्ति करावी, उक्ताचा लोप करूं नये. आणि पात्रानें स्वमुखानें जें कबूल केलें त्याच्या विरुद्ध कारण त्याच्या माथीं मारूं नये. दोष देणाऱ्यांसही हाच नियम लागू आहे. भीष्मानें कर्णास अर्धरथी म्हटलें हें सांगतांना, शरशय्येवर त्याच भीष्मानें त्याचा गौरव केला, हेंही सांगितलें पाहिजे.

(७)

शेवटीं पोथ्या बाळगणाऱ्यांस एक विनंति. तळटीपेंत गेलेला भाग टाकाऊ नव्हे. सभेंतील क्रौर्याचें कारण न सांपडल्यामुळें व्याकुळ झालेल्या कोणा वाचकानें तें कारण स्वयंवरांत नेऊन ठेवलें असावें. तसें असेल तर कर्णाविषयींच्या लोकममतेचा तो जुना लेखी पुरावा आहे. त्याचा काळ व प्रदेश ठरविणें महत्त्वाचें आहे. ज्यांच्या संग्रहीं आदिपर्वाच्या पोथ्या, किंवा स्वयंवर, द्यूत व कुंडलाहरण ह्यांवरील मराठी आख्यानांचीं बाडें असतील, त्यांनीं वर्णनसूची करतांना वरील तीन स्थळांचा पाठ, लेखनकाल व लेखनस्थळ अवश्य नोंदवावें. कर्णास न्याय देण्याचें काम कवींनीं पुष्कळ केलें. त्यांतील मूळचें किती व ममतेनें घातलेलें किती, हें दाखविणें पोथ्यांच्या अभ्यासकांचें काम आहे.