मांडवातल्या भोंग्यापासून सिमला बीटपर्यंत

वैशाख, १९७०. तुम्ही मेहकरला उतरला आहात. पैनगंगेचं पात्र उन्हानं आटलंय आणि गावात एकाच मुहूर्तावर तीन-चार लग्नं आहेत. कुठल्या मांडवात शिरायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. लिंबाच्या फांदीला बांधलेला भोंगा ज्या दिशेनं ओरडतोय, तिकडे चालायला लागा.

मांडवाच्या कोपऱ्यात लाउडस्पीकरवाल्यानं आपला पसारा मांडलाय. टेबलावर रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, शेजारी अहुजा कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर, खाली बॅटरी आणि पत्र्याच्या पेटीत कागदी पाकिटांतल्या रेकॉर्ड. त्याचा पोरगा डबीतून नवी पिन काढतोय, कारण जुनी बोथट झाली की तबकडी खरवडली जाते. तुम्ही घुटमळताना पाहून तो विचारतो, "काहो पाव्हणे, कोन्तं लावू?" तुम्ही काही बोलायच्या आत त्यानं लावलेलं असतं: 'गुमनाम'मधलं मोहम्मद रफींचं ते नाचाचं गाणं.

या गाण्याकडे नीट लक्ष द्या. चित्रपट १९६५चा. पडद्यावर मुखवटे लावून गिटार आणि ड्रम वाजवणारी ती मंडळी म्हणजे टेड लायन्स अँड हिज कब्ज, हा मुंबईतला खराखुरा बँड होता. इंग्लंड-अमेरिकेत पोरासोरांनी मोटारीच्या गॅरेजमध्ये जे संगीत सुरू केलं, त्याचा एक झरा तंबूतल्या सिनेमातून आणि या भोंग्यातून मेहकरात आधीच पोचलाय. त्याला कुणी गॅरेज रॉक म्हणत नाही, एवढंच. भोंग्यात खालचे सूर जवळजवळ गायब आहेत, वरचे कर्कश झालेत, आणि आवाज वाढवला की गिटार चक्क फाटते. वऱ्हाडी मंडळींना त्याचं काही वाटत नाही. हा फाटका आवाज कानात साठवून घ्या, मुंबईत तो पुन्हा भेटणार आहे.

पेटीतली एखादी जड तबकडी हातात घ्या. ७८ आरपीएमची, लाखेच्या मिश्रणाची; पडली की फुटलीच. युरोप-अमेरिकेत या तबकड्या दहा वर्षांपूर्वीच मागे पडल्या. आपल्याकडे मात्र ज्या गावांत वीज नव्हती, तिथे चावी भरून चालणारे ग्रामोफोन होते, आणि त्यांना ७८च लागायची. म्हणूनच कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यानं साठच्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा ७८च्या तबकड्यांवर छापली. जगभरचे संग्राहक आज त्या तबकड्यांवर जीव टाकतात. इथे, १९७० साली, त्या नुसत्या जुन्या रेकॉर्ड आहेत.

आता काही महिने पुढे सरका. मेहकरला रेल्वे नाही. एसटीनं अकोला गाठा आणि रात्रीची मेल पकडा. सकाळी दादर. तिथून किंग्ज सर्कलच्या बाजूला, षण्मुखानंद हॉल. १९६३मध्ये उघडलेली ही वास्तू म्हणजे मुंबईतल्या सर्वांत मोठ्या सभागृहांपैकी एक. एरवी इथे शास्त्रीय मैफली होतात. आज दारात बेलबॉटम, लांब केस आणि सिगारेटचा धूर. धुराला कारण आहे. स्पर्धेचं नाव 'सिमला बीट', आणि 'सिमला' हा इम्पिरियल टोबॅकोच्या सिगारेटचा ब्रँड. कॉलेजातल्या पोरांनी तो ओढावा म्हणून कंपनीनं देशभरातून बँड गोळा केलेत.

आत जाऊन बसा. मद्रासचे कन्फ्यूजन्स, बंगळूरचे डायनोसॉर्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर, शिलाँगचे फेन्टोन्स. नावं घेतानाच देशाचा नकाशा डोळ्यांपुढे येतो. वाद्यं मात्र जवळून बघा. परदेशी गिटारवर इतका आयात कर आहे की विमान कंपनीत किंवा बोटीवर नातेवाईक असेल त्याच्याच हाती ती लागते. बाकीचे देशी कारखान्यातल्या किंवा सुताराकडून घडवलेल्या गिटारवर भागवतात. अ‍ॅम्प्लिफायर कुणा रेडिओ मेकॅनिकनं जोडून दिलेला. झेपेल त्यापेक्षा जास्त आवाज त्यातून काढला की तो मेहकरच्या भोंग्यासारखाच फाटतो.

परदेशातले वादक हा फाटका आवाज मिळवण्यासाठी पायाने दाबायच्या खास पेट्या विकत घेत होते. इथे तो गरजेपोटी आपसूक मिळाला.

बहुतेक बँड परक्यांची गाणी वाजवतात. डायनोसॉर्सनी क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचं 'सिनिस्टर पर्पज' निवडलंय. मूळ गाणं १९६९चं, म्हणजे समुद्र ओलांडून यायला त्याला फार वेळ लागलेला नाही. रेडिओ सिलोनची खरखर, कुणाच्या मामानं आणलेली एखादी एलपी, आणि रात्ररात्र पिन मागेपुढे करून कानानं उतरवलेले कॉर्ड. काही बँड स्वतःचंही लिहितात. कन्फ्यूजन्सचं 'व्हॉइस फ्रॉम द इनर सोल' त्यांतलंच. प्रेक्षागृहातल्या बहुतेकांना ते आज ऐकून उद्या विसरायचं आहे. पन्नास वर्षांनी लोक शोधतील ते नेमकं हेच.

कारण कंपनीनं जाहिरातीच्या ओघात एक मोलाची गोष्ट केली. १९७० आणि १९७१ या दोन्ही वर्षांच्या स्पर्धकांची गाणी एकेका एलपीवर छापून घेतली. या बँडपैकी अनेकांचा एवढाच आवाज मागे उरला.

रेकॉर्ड कशी बनते तेही बघून घ्या, म्हणजे ती हरवते कशी ते कळेल. ध्वनिफितीवरचा आवाज आधी लॅकरचा मऊ थर दिलेल्या चकतीवर कोरतात. तिच्यावर धातूचा मुलामा चढवून उलटा साचा काढतात आणि त्यापासून शेवटी स्टॅम्पर. वाफेनं तापलेल्या दोन स्टॅम्परमध्ये प्लॅस्टिकचा गोळा दाबला की अर्ध्या मिनिटाच्या आसपास एक एलपी तयार. स्टॅम्पर झिजतो, तेव्हा पुन्हा छापायचं तर मागचा धातूचा साचा किंवा मूळ फीत जपून ठेवावी लागते. सिगारेटची जाहिरात संपल्यावर ती जपायची कुणी?

दोन पावलं पुढे आणि पार दुसऱ्या खंडात जा. न्यूयॉर्क, १९७२. लेनी के नावाचा तरुण एलेक्ट्रा कंपनीसाठी जुन्या, विस्मृत गाण्यांचा दुहेरी अल्बम जमवतोय: 'नगेट्स'. साठच्या दशकातले हे अमेरिकी बँड तोवर जुन्या बाजारात पडलेले होते. या एका संग्रहानं त्यांना घराणं मिळवून दिलं. पुनर्मुद्रणाची खरी ताकद ही. सुटी गाणी शेजारी आली की त्यांचा इतिहास होतो.

मुंबईत परत या. सिमला बीटच्या काळातल्या त्या गर्दीत एक मराठी चेहरा शोधा: आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा, नंदू. घरात नाटक, गळ्यात रॉक. वेलवेट फॉग आणि सॅव्हेज एन्काउंटर या मुंबईच्या बँडमध्ये तो गातो. १९७४मध्ये अ‍ॅलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये तो जुडास होतो. मग १९७८. पुण्याची थिएटर अकादमी, पु. ल. देशपांड्यांचं 'तीन पैशाचा तमाशा', दिग्दर्शन जब्बार पटेल, आणि रंगमंचावर अंकुशच्या भूमिकेत नंदू भेंडे. प्रेक्षागृहात बसा आणि शेजारच्या आजोबांचा चेहरा बघा. ज्या गळ्यानं आजवर इंग्रजी गाणी गायली, तो आता मराठीत गातोय, आणि लावणीच्या शेजारी रॉक बसलाय. सिमला बीटच्या रेकॉर्डवर मराठी नाही. मराठी रॉक ऐकायचा तर नाटकाचं तिकीट काढावं लागलं.

ऐंशीच्या दशकात थांबू नका, नुसतं बघत पुढे जा. कॅसेट आली. लाउडस्पीकरवाल्यांनी पेट्या बदलल्या. रेकॉर्ड आधी माळ्यावर, मग रद्दीत, मग मुंबईच्या चोरबाजारात. तिथे ढीग चाळणाऱ्यांत आता परदेशी हात दिसू लागतात. २००१मध्ये 'घोस्ट वर्ल्ड' हा अमेरिकी चित्रपट सुरू होतो तो 'गुमनाम'मधल्या त्याच नाचानं. जर्मनीतून 'सिमला बीट ७०/७१' एकत्र निघतं. मुंबईच्या अ‍ॅटॉमिक फॉरेस्टचं 'ऑब्सेशन ७७' लॉस एंजेलिसची नाऊ-अगेन ही छोटी कंपनी पुन्हा काढते. अशा पुनर्मुद्रणांत अनेकदा मूळ फीत सापडत नाही. मग बरी राहिलेली एखादी प्रत शोधायची, धुवायची, वाजवायची आणि त्यातूनच नवी रेकॉर्ड कोरायची. नव्या तबकडीत ऐकू येणारी खरखर कधी कधी कुणाच्या तरी घरातल्या जुन्या पिनेची असते.

इथे मेहकरकरांना काही वेगळं सुचेल. शार्ङ्गधर बालाजीची मूर्ती १८८८मध्ये गावात जमिनीतून निघाली. इंग्रज ती विलायतेला नेणार अशी कुणकुण लागताच गावकऱ्यांनी घाईघाईनं तिची प्राणप्रतिष्ठा केली, असं गावात आजही सांगतात. एकदा प्रतिष्ठा झाली की देव हलवता येत नाही. मूर्ती इथेच राहिली. रेकॉर्डच्या बाबतीत आपण ही हुशारी दाखवली नाही. जर्मनी-अमेरिकेतल्या लोकांनी काही लुटून नेलं, असं म्हणणं खोटं ठरेल. आपण रद्दीच्या भावानं विकलेलं त्यांनी उचललं, साफ केलं, पाकिटावर बँडचा इतिहास छापला, आणि आता तेच आपण डॉलरमध्ये परत विकत घेतो.

तुम्ही आता आजच्या तारखेला आलात. समृद्धी महामार्गानं मेहकर मुंबईला पूर्वीपेक्षा खूपच जवळ आलंय, आणि २०२४पासून मुंबईत पुन्हा रेकॉर्ड छापल्या जाऊ लागल्या आहेत. म्हणजे छापायची सोय घरात आहे, अडतंय ते काय छापायचं यावर. नव्या स्वतंत्र बँडची गाणी छापावीतच. पण तालुक्या-तालुक्यांत ज्यांनी एकेकाळी मांडव गाजवले, त्यांच्या वारसांकडे पत्र्याच्या पेट्या असतील, तर त्या विकायच्या आधी उघडायला हव्यात. प्रत्येक रेकॉर्डच्या मधल्या कागदावरचं नाव, कंपनी आणि क्रमांक वहीत उतरवायला हवेत. बहुतेक गाणी सगळ्यांना पाठ असलेलीच निघतील. एखादी निघेल जी कुणालाच माहीत नाही, आणि ती पुन्हा काढायला या वेळी परदेशातल्या माणसाची वाट बघायचं कारण नाही.