सहा चाकी शर्यती मोटारगाडी

पुढे चार व मागे दोन, किंवा पुढे दोन व मागे चार, अशी चाके असलेली शर्यतीची मोटारगाडी. चार चाकांची मांडणी रूढ असली, तरी ती सोडून पाहण्याचे प्रयत्न जुनेच आहेत. इंग्लंडमधील मॉर्गन कंपनीची पुढे दोन व मागे एक चाक असलेली हलकी क्रीडा मोटारगाडी सु. चार दशके तयार होत होती. ग्रां प्री शर्यत जिंकणारी सहा चाकी गाडी मात्र एकच झाली, ती म्हणजे ब्रिटिश बनावटीची टिरेल पी ३४.

ही गाडी डेरेक गार्डनर या अभियंत्याने रचली व ती १९७५ मध्ये लोकांपुढे आली. उघड्या चाकांच्या गाडीत पुढील टायरांवर आदळणाऱ्या हवेमुळे गाडीचा पुढचा भाग उचलला जातो व वायुरोधही वाढतो. नियमांनुसार गाडीच्या नाकाडाची रुंदी १५० सेंमी.पर्यंत चालत असे. या नाकाडाआड झाकली जातील अशी सु. २५ सेंमी. (१० इंच) व्यासाची चार चाके गार्डनर यांनी पुढे बसविली. ही चारही चाके वळत असत. मागील टायर नेहमीएवढेच मोठे राहिल्याने वायुरोधातील बचत बेताचीच होती; खरा लाभ झाला तो पुढच्या टायरांचा रस्त्याशी होणारा स्पर्श वाढल्याने, वळणांवर व गतिरोधनात. चाके चालकास दिसावीत म्हणून आसनाच्या बाजूंना लहान खिडक्याही ठेवल्या होत्या.

जून १९७६ मध्ये स्वीडनमधील अँडरस्टॉर्प येथे जोडी शेक्टर पहिला व पात्रिक दपाये दुसरा आला. शेक्टरचे गाडीविषयी मत मात्र प्रतिकूलच राहिले. पुढील वर्षी गाडीचे वजन वाढले. त्याहून घातक गोष्ट टायरांची होती. एवढे लहान टायर एकाच संघास लागत असल्याने गुडइयर कंपनीने त्यांच्या सुधारणेकडे फारसे लक्ष दिले नाही. मागचे टायर मात्र सुधारत गेले आणि गाडीचा तोल बिघडला. तो सावरण्यासाठी पुढील चाकांमधील अंतर वाढविले, तेव्हा चाके नाकाडाबाहेर आली व मूळ कल्पनाच निरर्थक झाली. १९७७ अखेर ही गाडी सोडून देण्यात आली.

मार्च व विल्यम्स या संघांनी मागे चार चाके लावून पाहिली. विल्यम्सच्या चाचण्या आशादायक होत्या. परंतु १९८३ पासून नियमाने चारच चाके बंधनकारक केली. पुढे एव्हन कंपनीने लहान टायर पुन्हा तयार केल्यावर मार्टिन स्ट्रेटन यांनी पी ३४ वरच २००० सालच्या ऐतिहासिक ग्रां प्री गाड्यांच्या मालिकेत अजिंक्यपद मिळविले.