हिंदुस्थान-तिबेट रस्ता

हिमाचल प्रदेशातील सरहद्दीलगतचा डोंगरी रस्ता. शिमल्याहून नारकंडा, रामपूर बुशहर, रेकाँग पिओ या मार्गाने तो चीनच्या हद्दीवरील शिपकी खिंडीकडे जातो. रामपूरपासून पुढे सतलजची सोबत असते. खाबपर्यंत हा राष्ट्रीय महामार्ग ५. तिथून स्पिती नदीच्या काठाने काझाकडे वळणारा फाटा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ५०५. पर्यटक ज्याला ‘किन्नौर-स्पिती’ म्हणतात, तो शिमला ते काझा प्रवास सुमारे ४२० किमी.चा आहे.

लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल असताना १८५० मध्ये कामाला सुरुवात झाली. तिबेटची पश्म लोकर ब्रिटिश मुलखात उतरावी हा त्यामागचा मोठा हेतू. खेचरांची वाट झाली की पहाडी लोकांची वेठबिगार सुटेल, हेही कारण दिले गेले. वाट खोदायला मात्र वेठबिगारच लावली. आजचा गाडीरस्ता बऱ्याच ठिकाणी त्या वाटेच्या खालून, नदीलगत जातो. त्याच्या कामाने जोर धरला तो १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर, लष्करी निकडीने. लोकरीसाठी आखलेला रस्ता लोकर यायची थांबल्यावर रुंद झाला.

रामपूर ही पूर्वीच्या बुशहर संस्थानाची राजधानी. इथल्या नोव्हेंबरमधील लवी जत्रेत तिबेटी लोकर, मीठ आणि घोडे येत. जत्रा आजही भरते. सुका मेवा, चिलगोजे, किन्नौरी शाली आणि चामुर्ती घोडे तिथे विकायला असतात. चिलगोजा म्हणजे किन्नौरच्या कोरड्या उतारांवरच्या पाइनचा दाणा. शरदात झाडावर चढून बोंडे उतरवायची, वाळवायची, मग झोडपून दाणे काढायचे. हे कष्ट पाहिले की भाव जास्त वाटत नाही.

रामपूरच्या पुढे दरी आवळत जाते. तरंडा ढांक येथे रस्ता उभ्या कड्यात कोरून काढला आहे: डोक्यावर खडकाचे छत, एका बाजूला सतलजपर्यंत थेट कडा. जवळच्या तरंडा देवीच्या देवळाशी गाड्या थांबतात, चालक हात जोडतात आणि मगच पुढे जातात. ही केवळ रीत नव्हे. ऑगस्ट २०२१ मध्ये याच पट्ट्यात निगुलसरीजवळ दरड कोसळून बससह वाहने गाडली गेली. नाथपा-झाकरी (१,५०० मेगावॉट) आणि करछम-वांगतू हे जलविद्युत प्रकल्पही इथलेच. नदीचे पाणी बोगद्यांत वळवल्याने काही टप्प्यांत सतलज उन्हाळ्याआधी नुसती ओहोळासारखी दिसते. रेकाँग पिओ हे किन्नौरचे जिल्हा ठिकाण. वरच्या कल्पा गावातून किन्नर कैलास समोर दिसतो.

खाब येथे स्पिती सतलजला मिळते. नावाप्रमाणे रस्ता इथून शिपकीकडे जायला हवा, आणि जातोही. पण प्रवासी जवळजवळ सगळे डावीकडे वळतात. शिपकीचा व्यापार १९६२ नंतर बंद पडला, १९९० च्या दशकात मर्यादित स्वरूपात सुरू झाला आणि २०२० मध्ये पुन्हा थांबला. जून २०२५ मध्ये खिंड भारतीय पर्यटकांसाठी खुली झाली.

डावीकडची ‘का’ नावाच्या ठिकाणची नागमोडी चढण नाकोला (सुमारे ३,६०० मी.) पोचवते. पुढचा मलिंग नाला दगड सोडतच असतो. रस्ता वारंवार वाहून जातो. इथे झाडी संपते. हिमालयाच्या रांगा पावसाळी ढग अडवतात आणि स्पितीचे खोरे कोरडेच राहते. सह्याद्रीच्या आडोशाला माण-खटावचे होते तेच, फक्त फार मोठ्या मापात. या कोरड्या हवेमुळेच ताबोचा मातीच्या भिंतींचा मठ टिकला. पश्चिम तिबेटातील गुगे राज्याचा राजा येशे ओद याने तो ९९६ मध्ये स्थापला. बाहेरून ओबडधोबड, आत मात्र भिंतभर चित्रे आणि भिंतींतून पुढे आलेल्या मातीच्या मूर्ती, त्याही छतातून येणाऱ्या अंधुक उजेडात. १९ जानेवारी १९७५ च्या किन्नौर भूकंपात मठाची हानी झाली. घाई असलेल्याने बाकी काहीही गाळावे, ताबो गाळू नये.

काझा (सुमारे ३,६५० मी.) हे स्पितीचे मुख्य ठिकाण. तिथून कुंझुम खिंडीमार्गे मनालीकडे जाता येते, पण ही खिंड हिवाळ्यात बर्फाने बंद असते. तेव्हा स्पितीला बाहेरचा रस्ता किन्नौरमधूनच. भारतीयांना काझापर्यंत परवाना लागत नाही, परदेशी नागरिकांना रेकाँग पिओ ते सुमदो या पट्ट्यासाठी लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या किन्नौरात दरडी कोसळत असल्याने सप्टेंबर हा महिना त्यातल्या त्यात निर्धोक. तेव्हा सफरचंदांचे ट्रक मात्र रस्ता अडवून असतात.